शालनवहिनींची उरलेली पेटी

मध वर्षातून फार तर दोनदा निघतो, किस्से मात्र बारमाही निघतात. चार मधवाले एका पडवीत बसले की सुरुवात होते कोणाला माशी कुठे चावली इथून आणि गाडी थेट सरकारपर्यंत जाते. मध्ये चहा होतो, कोणीतरी कोणाची तरी आई-माई काढतं, आणि उठताना जो तो म्हणतो, "हे कोणीतरी लिहून काढायला हवं." म्हणजे मी. बाकीच्यांना कामं आहेत.

आमची मंडळी लहान. रत्नागिरीहून लांज्याकडे निघालं की वाटेत आत वळल्यावर आमचं गाव. शालनवहिनी या आमच्यातल्या अस्सल मधवाल्या. बैठक त्यांच्याच पडवीत. त्यांचे यजमान नाना, एस.टी.तले रिटायर्ड कंडक्टर, रक्तात साखर, तोंडात कायम तक्रार. शकीलभाई खाडीकाठचा. बारा वर्षं कुवेतला क्रेन चालवली आणि परत येऊन माडांखाली पेट्या मांडल्या. आणि मी, बंडू. आमच्यात खरं बोलणारा एकटा शकीलभाई, म्हणून त्याचे किस्से कोणी ऐकत नाही. मी थोडं मीठ लावतो. पण इथे जे तिखट लागेल ते माझ्या पदरचं नाही, ते मुळातलंच आहे.

आमची माशी सातेरी. लहान, काळसर, गरीब स्वभावाची. मूळची वारुळात नाहीतर झाडाच्या ढोलीत राहणारी. पेटीत ठेवली तर राहते, पण मर्जी सांभाळावी लागते. बिनसलं की भरला संसार टाकून निघून जाते. आणि बिनसायला हल्ली कारणं कमी नाहीत.

* * *

जानेवारीतली सकाळ होती. हापूस असा फुलला होता की झाडाला पानं आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. वहिनींच्या दगडी गडग्यापलीकडची बाग बाबाशेठची. म्हणजे बाग मुंबईवाल्याची, करार बाबाशेठचा. पंचक्रोशीतल्या निम्म्या बागा तेच कराराने घेतात. माणूस देवभोळा, हात सैल. देवळाला फरशी त्यांनीच घातली. पण मोहोरावर एक तुडतुडा दिसला की त्यांचं डोकं फिरतं.

त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. मोहोर उमलायच्या आधी मारा, आणि उमलल्यावर मारायचंच असेल तर दिवे लागल्यावर मारा, माश्या घरी परतल्यावर. कृषी खात्याचा माणूससुद्धा हेच सांगून गेला होता. बाबाशेठ मान डोलवायचे. त्या दिवशी भर उन्हात, माश्या कामावर असताना, त्यांच्या गड्यांनी पंप सुरू केला.

दुपारी वहिनींच्या पेट्यांसमोर माश्यांचा सडा पडला होता. काही अजून पाय झाडत होत्या. वहिनींनी पदर खोचला. केरसुणीने सगळ्या गोळा केल्या, सुपात भरल्या आणि सूप घेऊन निघाल्या बाबाशेठच्या घरी. मी मागोमाग. अशा वेळी मी मागे राहत नाही.

बाबाशेठ ओटीवर चहा पीत बसले होते. सुपात डोकावून म्हणाले, "काय वहिनी, कारळे आणलेत?"

"माश्या हत. तुमच्या फवाऱ्याने मेल्या."

"असं कसं होईल? मी औषध मारलंय. औषधाने कोण मरतं?"

बाटलीवर कवटी आणि हाडं छापलेली असतात, आणि आमच्याकडे लोक दुकानात जाऊन विचारतात, "आंब्याचं औषध आलं का?" जसा काही आंबा दवाखान्यात ॲडमिट आहे.

वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "औषध आहे ना? मग तुमचा खोकला बरा होत नाय म्हणता, रोज रात्री एक चमचा घेऊन झोपा."

बाबाशेठनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

पण त्याने मेलेल्या माश्या उठत नाहीत. माझ्या पेट्या त्याच आठवड्यात रिकाम्या झाल्या. शकीलभाईकडे फवारा पोचला नव्हता, तिथे रोग पोचला. अळ्या पिशवीसारख्या फुगतात आणि मरतात, आणि उरलेल्या माश्या पेटी सोडून जातात. होळीपर्यंत आम्हा सगळ्यांच्या मिळून वीसेक पेट्यांतली एक जिवंत होती. वहिनींच्या परसातली, विहिरीमागची. तिचं तोंड देवरहाटीकडे, देवाच्या नावाने राखलेल्या रानाकडे, आणि देवरहाटीतल्या झाडांवर अजून तरी कोणी औषध मारत नाही. देवाची झाडं, ती आजारी पडत नाहीत.

ती एक पेटी पावसातून आणि पुढच्या मोहोरातून जगली, तर तिच्यातून दुसरी करायची, दुसरीतून तिसरी. नाही जगली तर आमची बैठक संपली. मग नुसतं चहाला कोण कोणाकडे जातंय?

* * *

माश्या मेल्या आणि बाबाशेठच्या बागेत फळ धरेना. मोहोर भरपूर, पण हात लावला की सगळा हातात. कोणीतरी त्यांना सांगितलं, की शेठ, फळ धरायला माशी लागते, मधमाशी नसेल तर साधी चालते.

बाबाशेठ बुद्धिमान माणूस. टेम्पो काढला, मिरकरवाड्याला गेले आणि बंदरावरून मासळीचा टाकाऊ माल भरून आणला. बांगड्याची डोकी, कोळंबीची सालं, आणखी काय काय. पोत्यात बांधून झाडाझाडाला टांगलं. ही युक्ती दुसरीकडेही करतात म्हणे, अगदीच त्यांच्या डोक्यातली नाही. पण दुसरीकडचे लोक पोती हिशोबात टांगत असतील. यांनी लग्नाला तोरण बांधावं तसं बांधलं.

पहिल्या दिवशी नाना पडवीत बसून म्हणाले, "वास बरा येतोय गो. आज बांगडा करशील काय?" तिसऱ्या दिवशी तेच नाना नाकाला टॉवेल बांधून आतल्या खोलीत. सात गावची मांजरं बागेत जमली. कावळे एवढे आले की वाटलं पितृपक्ष दोनदा लागला. बागेशेजारच्या होमस्टेला मुंबईचं एक जोडपं उतरलं होतं. त्यांनी मालकाला विचारलं, "इथून बंदर किती जवळ आहे?" मालकाने सांगितलं, पाऊण तास. ते म्हणाले, "शक्यच नाही."

पण माश्या आल्या हे खरं. निळ्या, हिरव्या, एकेक अशी की उडताना सावली पडावी. बाबाशेठ गडग्यावरून वहिनींना ओरडून म्हणाले, "बघा वहिनी, माशी ती माशी. तुमची चावते, माझी चावत नाय."

चार दिवस माश्यांनी इमानदारीत काम केलं. पाचव्या दिवशी बाबाशेठना एका झाडावर तुडतुडा दिसला.

संध्याकाळी झाडांखाली निळ्या-हिरव्या माश्यांचा खच. शकीलभाई बघायला आला होता. तो म्हणाला, "पाहुणे बोलावले, जेवण वाढलं, आणि मग भातात विष कालवलं. असा यजमान मी गल्फमधे पण नाय बघितला."

मे महिन्यात आंबा निम्मासुद्धा निघाला नाही. मुंबईच्या मालकाने फोन करून कारण विचारलं. बाबाशेठ म्हणाले, "हवामान. हल्ली हवामानाचा काय भरवसा नाय."

* * *

त्याच मे महिन्यात हायवेला बाबाशेठचा स्टॉल लागला. आंबा कमी, तेव्हा सोबत कोकम, फणसपोळी, आणि बरण्यांतून मध. वर मोठा बॅनर: "आमच्या बागेतील शुद्ध नैसर्गिक मध."

एक पर्यटक कुटुंब वाट चुकून वहिनींच्या दारात आलं. वहिनी म्हणाल्या, "यंदा मध नाय. माश्या मेल्या आमच्या." बाई म्हणाल्या, "असं कसं? हायवेला तर ढीग लागलाय." आणि वहिनींकडे असं बघितलं, जसा काही यांनी मध माळ्यावर लपवलाय.

शकीलभाई आणि मी स्कूटरवरून स्टॉल बघायला गेलो. गल्ल्यावर बाबाशेठचा भाचा. बॅनरवर मधपेटीचा मोठा फोटो. शकीलभाई भोळेपणाने विचारतो, "ही पेटी कुठली?"

"आमच्याच बागेतली."

"माश्या कधी आणल्या?"

"पहिल्यापासून हत. नॅचरल."

मी जवळ जाऊन बघितलं. लाल रंगाची पेटी, कोपरा उंदराने खाल्लेला, पायाखाली चार नारळाच्या करवंट्या. शंकाच नको, वहिनींची. गडग्यावरून काढलेला फोटो. आणि पेटीच्या मागे दोरीवर, निळ्या पट्ट्यांची एक अर्धी चड्डी वाळत होती.

मी भाच्याला म्हटलं, "मधाचं मला ठाऊक नाय. पण ही चड्डी शंभर टक्के शुद्ध, नानांची आहे."

घरी येऊन वहिनींना सांगितलं. वाटलं, आता सूप काढतील. त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ज्या माश्या त्याने मारल्यान्, त्यांच्या फोटोवर मध विकतो?" त्या दिवशी चहा झाला नाही.

चार दिवसांनी बॅनर बदलला. पेटी तीच. चड्डीच्या जागी सूर्यफूल चिकटवलं होतं. रत्नागिरीत सूर्यफूल.

* * *

पावसात माशीला बाहेर काही मिळत नाही. झड लागली की ती पेटीत अडकते, आणि पोटाला नसलं तर पेटी सोडते. म्हणून साखरेचा पाक द्यावा लागतो. वहिनी रोज सकाळी वाटीभर पाक करायच्या, त्यात काड्या टाकायच्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत, आणि छत्री धरून परसात जायच्या.

इकडे नानांचा बिनसाखरेचा चहा. डॉक्टरांनी ताकीद दिलेली, वहिनींनी डबे उंच ठेवलेले. नाना पडवीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, "ह्या घरात मी चाळीस वर्षं राहतोय. मला कडू काढा. आणि त्या विहिरीमागे राहतात, भाडं देत नायत, त्यांना पाक!"

एवढंच असतं तर ठीक होतं. पण पेटीचं वजन वाढेना. माश्या मरगळलेल्या, अळ्या कमी. वहिनी काळजीने अर्ध्या झाल्या. पाक वाढवला तरी तेच. शकीलभाई म्हणाला मुंग्या खात असतील, म्हणून पेटीच्या पायांखालच्या करवंट्यांत पाणी भरलं. मी म्हटलं पाली असतील. रोज वाटी मात्र चाटूनपुसून साफ.

एका दुपारी नाना जेवणाच्या पानावर आले ते ओठ सुजवून. खालचा ओठ असा लोंबत होता की त्यावर कप ठेवावा.

वहिनींनी विचारलं, "काय झालं?"

नाना म्हणाले, "दात दुखतोय."

लांज्याला डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी चिमट्याने ओठातून काटा काढला, बघितला, आणि विचारलं, "मधमाशी थेट तोंडात कशी शिरली?"

नाना बाणेदारपणे म्हणाले, "ती शिरली नाय. मी तिच्या वाटीत शिरलो." नंतर साखर तपासली. आकडा ऐकून डॉक्टर खुर्चीतून उठले.

त्या दिवसापासून पेटीने अंग धरलं. नाना म्हणतात त्यांच्या त्यागामुळे.

* * *

पेटी जगली, पण जीव लहानच. आणखी माश्या हव्या होत्या. पाऊस सरता सरता शकीलभाईला बातमी लागली: हायवेच्या कामात लांज्याच्या अलीकडे एक जुनं किंजळीचं झाड आडवं केलंय, ढोलीत सातेरीचं मोहोळ आहे, आणि मुकादम म्हणतोय पेट्रोल टाकून जाळा.

आम्ही स्कूटरवरून सुसाट. मुकादमाला हात जोडले. म्हटलं, "दोन तास द्या, आम्ही मोहोळ अलगद काढतो." तो म्हणाला, "माश्यांसाठी काम थांबवू? वरून फोन आला तर तू उचलशील?" आणि कॅन घेऊन निघाला.

शकीलभाई खरं बोलणारा, तो इथे कामाचा नाही. मग मी पुढे झालो. "जाळा हो, खुशाल जाळा. फक्त ढोलीत आत नाग आहे. मघाशी फणा बघितला मी."

कॅन खाली. जेसीबीवाला खाली. चपला बाजूला. मुकादम म्हणाला, "आधी नाय का सांगायचं?" तेवढ्यात जेसीबीवाल्याने पळत जाऊन अगरबत्तीसुद्धा आणली. कोणीतरी सर्पमित्राला फोन लावला. जो मुकादम जिवंत माश्यांसाठी दोन तास देईना, त्याने नसलेल्या नागासाठी अख्खी दुपार काम बंद ठेवलं.

सर्पमित्र येईपर्यंत आम्ही धूर देऊन पोळी काढली, माश्या पेटीत घेतल्या. राणी मिळाली नाही. झाड पडताना चेंगरली असावी. नंतर सर्पमित्र आला. काळे गॉगल, हातात काठी, मागे फोटोवाला. ढोलीत अर्धा आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "मी त्याला सुरक्षित अधिवासात सोडलंय." मी स्वतः पंधरा पावलांवर उभा होतो. त्याच्या हातात काठीशिवाय काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात पाव पान. "नागाला जीवदान." फोटोत सर्पमित्र, मुकादम आणि अगरबत्ती. माश्यांचं नाव नाही.

आता बिनराणीच्या माश्या वहिनींच्या पेटीत मिळवायच्या होत्या. एकदम घातल्या तर मारामारी होते. म्हणून दोन्ही घरं एकावर एक ठेवतात आणि मध्ये वर्तमानपत्राचं पान घालतात. माश्या दोन्ही बाजूंनी कागद कुरतडतात, तोवर एकमेकींच्या वासाची सवय होते, आणि मग एकत्र नांदतात. वहिनींनी पेपर मागितला. मी तेच पान दिलं.

दोन दिवसांनी पेटी उघडली. माश्या एकदिलाने नांदत होत्या. सर्पमित्राच्या गॉगलपासून खाली काही शिल्लक नव्हतं.

* * *

दिवाळीच्या आधी रत्नागिरीत एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. विषय: मधमाशी वाचवा. आयोजकांपैकी एक साहेब वहिनींकडे गाडी घेऊन आले. "ताई, तुमची जिवंत पेटी स्टेजवर ठेवू या. लोकांना प्रत्यक्ष दर्शन. तुमचा सत्कारही आहे."

वहिनींचं मन नव्हतं. पण साहेब म्हणाले, यातूनच फवारणीबद्दल नियम होईल. नियमाचं नाव काढल्यावर वहिनी तयार झाल्या. पेटीचं दार जाळीने बंद केलं, मांडीवर घेतली, आणि सगळ्या वाटेभर ड्रायव्हरला एकच सांगत राहिल्या, "हळू घ्या, पोटुशी आहे ती." ड्रायव्हर आरशातून पेटीकडे बघत होता.

हॉलच्या दारात वहिनी थबकल्या. नाक वर केलं. "हा वास कसला?"

हॉलचा मॅनेजर अभिमानाने पुढे आला. "काळजी करू नका ताई. माश्यांचा कार्यक्रम आहे म्हणून समजलं, तेव्हा सकाळीच सगळीकडे स्प्रे मारून घेतलाय. एक माशी आत येणार नाही."

वहिनींनी पेटी पदराखाली घेतली आणि मागे फिरल्या. साहेब धावत आले. "ताई, पाहुणे येऊन बसलेत. पेटीशिवाय कसं चालेल?"

वहिनी म्हणाल्या, "पाहुण्यांना ठेवा की स्टेजवर. त्यांना बघायला आलेत ना लोक?"

कार्यक्रम दणक्यात झाला, असं शकीलभाई सांगतो. तो शेवटपर्यंत बसला होता. भाषणं सहा झाली. वहिनींची शाल आणि नारळ त्याच्याच हाती पाठवला, आणि सोबत मधाची एक भेटबाटली. बाटलीवरचा कागद ओळखीचा होता. सूर्यफुलाचा.

नियम अजून व्हायचाय.

* * *

आता देवदिवाळीचं सांगतो.

देवदिवाळी म्हणजे मोहोर यायच्या तोंडावर. त्या दिवशी आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात सगळा गाव जमतो आणि गुरवकाका गाऱ्हाणं घालतात. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: गुरव गावाच्या वतीने देवाशी बोलतो. एकेक वाक्य झालं की थांबतो, आणि जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. वाक्य काय होतं ते फारसं कोणी ऐकत नाही. लहानपणापासून जिभेला वळण पडलेलं असतं. गुरवाचा आवाज खाली आला की तोंडातून "व्हय म्हाराजा" बाहेर.

बाबाशेठ फरशीवाले, त्यामुळे त्यांचा मान पहिल्या रांगेत. आणि लाऊडस्पीकर माझा, पोटापाण्याला मी वायरिंगचीच कामं करतो. माइक कुठे ठेवायचा हे वायरमन ठरवतो. मी तो गुरवकाका आणि बाबाशेठ यांच्या बरोबर मध्ये ठेवला.

गुरवकाकांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, तू ह्या गावचा राखणदार, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत."

"व्हय म्हाराजा."

"कोण मुंबईक हाय, कोण दर्याव हाय, जो जिथे हाय तिथे त्याच्या पाठीशी उभा रव."

"व्हय म्हाराजा."

"बागायतीला बरकत दी, गुराढोरांना, माशीमुंगीला सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

"आणि लेकरां तुला सबूद देतत, का फुललेल्या मोहोरावर दिवसाउजेडी कोण फवारा मारायचा नाय."

"व्हय म्हाराजा," चारी कर्ण्यांतून बाबाशेठचा आवाज गेला. बाकीचा गाव त्याच्या मागे ऐकू आला. शेवटच्या 'जा'पर्यंत पोचल्यावर बाबाशेठचं तोंड उघडंच राहिलं. पण तोवर आवाज एस.टी.च्या स्टॉपपर्यंत गेला होता, आणि देवापर्यंत त्याहून आधी.

वहिनी बायकांच्या बाजूला डोळे मिटून हात जोडून बसल्या होत्या. गुरवकाकांशी त्यांचं आधी काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.

जानेवारी आला. मोहोर फुलला. वहिनींची पेटी भरून वाहायला लागली. पंधरवड्यात तिच्या दोन करता येतील, इतकी. आणि बाबाशेठना तुडतुडा दिसला. गडी दिवसाचे, दिवेलागणीनंतर थांबायचं तर म्हणतात दुप्पट द्या. आणि भर उजेडात मारावं तर देवाला दिलेला शब्द. इकडे कोर्टाला लोक भीत नाहीत, पण याला भितात. तीन दिवस बाबाशेठ बागेत पंपाभोवती फिरत होते. चौथ्या दिवशी देवळात आले. "गुरवानू, कौल लावा. एकच फवारा, एकच सकाळ. देवाने मोकळा केला तर मारतो."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. वाऱ्याची झुळूक आली, पाकळी सुकली, की कोणती तरी पडतेच.

बातमी लागली तसे आम्ही सगळे धावलो. देवाने होकार दिला तर उद्या सकाळी पंप, आणि परवा सूप. गुरवकाका त्याच सकाळी पंचामृताचं सामान न्यायला वहिनींकडे येऊन गेले होते. जुन्या मधाची तळाशी उरलेली बाटली वहिनींनी त्यांना दिली होती. आता ते गाभाऱ्यात पाठमोरे उभे राहून पाकळ्या लावत होते. जरा जास्तच वेळ लावत होते.

प्रश्न विचारला. सगळे पाकळ्यांकडे बघत राहिलो.

उजवी पडेना. डावी पडेना.

गुरवकाकांनी पुन्हा विचारलं. घंटा वाजवली. पाकळ्या जागच्या जागी. उन्हं दारातून आत आली, पाकळ्यांच्या कडा सुकून वळल्या, तरी त्या हलेनात. बाबाशेठ उंबऱ्यापर्यंत पुढे सरकले. "गुरवानू, देव सांगत का नाय काय?"

"विचार करतोय," गुरवकाका म्हणाले. "प्रश्न साधा नाय तुमचा."

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक माशी आत आली. लहान, काळसर. समईला वळसा घातला, कोणाच्या डोक्याला धक्का न लावता गाभाऱ्यात शिरली आणि थेट उजव्या पाकळीवर जाऊन बसली. बसली ती तिथेच. तोंड खाली घातलं आणि पाकळीची कड चाटायला लागली.

बाबाशेठनी हळूहळू हात जोडले. मग खिशातून फोन काढला आणि गड्यांच्या मुकादमाला लावला. "पंप उतरव. हां, आत्ता. दिवे लागल्यावर बघू. दुप्पट तर दुप्पट."

गुरवकाका छताकडे बघत धोतराच्या सोग्याला एकेक बोट पुसत होते. माशी डाव्या पाकळीवर गेली.

माझ्या मागे वहिनी टाचा उंचावून, मान लांब करून बघत होत्या. कानाशी येऊन हलकेच म्हणाल्या, "भावजी, आपलीच ती."